सात फेऱ्यांची निसर्ग पायवाट

माणूस हा मूलतः चालणारा प्राणी आहे; परंतु कुठून चालावं हे त्याचं त्याला कळत नाही, म्हणून शासन अस्तित्वात आलं. जनावरांना कुठून चालावं हे उपजतच कळतं. त्यामुळे त्यांच्यासाठी शासनाला कोंडवाड्यापलीकडे फारसं काही करावं लागलेलं नाही. हा फरक नीट ध्यानात ठेवला तर पुढची हकीगत समजायला सोपी जाईल. ध्यानात राहिला नाही, तर तुम्ही वनोद्यान विकास कक्षात नोकरीला लागू शकता.

केजहून नांदूरघाटाकडे जाणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाजूला बसलात (पुढची बाजू ड्रायव्हर आणि त्याच्या चार ओळखीच्या माणसांसाठी राखीव असते), तर टेकुळवाडीच्या फाट्यावर एक निळा फलक दिसतो. त्यावर एक वाघ, एक हरीण आणि एक पाठमोरा मोर आहे. टेकुळवाडीच्या टेकडीवर वाघ कधीच नव्हता, पण रंगाऱ्याला वाघ चांगला जमायचा. मोर टेकडीवर भरपूर आहेत, पण मोराचं तोंड त्याला जमत नव्हतं. फलकावर लिहिलं आहे: 'टेकुळवाडी वनोद्यान. निसर्ग पायवाट. लांबी ९५० मीटर.'

फलकापासून आत शंभर पावलांवर तारेचं कुंपण, कुंपणाला एक फाटक. फाटकात उभं राहून समोर पाहिलं की टेकडीच्या पोटाशी खडकातून पाझरणाऱ्या पाण्याचा झिरा दिसतो. मध्ये एक बाभूळ. फाटकापासून झिऱ्यापर्यंतचं सरळ अंतर तीनशे दहा मीटर आहे. पायवाट फाटकाशी सुरू होते, झिऱ्याशी संपते आणि नऊशे पन्नास मीटर भरते. वरचे सहाशे चाळीस मीटर कुठून आले, हे सांगण्यासाठी आपल्याला दोन वर्षं मागे, मे महिन्यात जावं लागेल. टोपी घेऊन चला.

टेकडीवर निसर्ग आधीपासून होता. वाटही होती. फक्त निसर्ग पायवाट नव्हती, आणि ही उणीव कक्षाच्या लक्षात आली. (उणीव लक्षात येण्याचं काम कक्षात मार्च महिन्यात चालतं.) असलेली वाट होती ती म्हाळूच्या शेळ्यांची. म्हाळू आणि साखराबाई हे टेकडीच्या पायथ्याशी राहणारं, शेळ्या राखणारं जोडपं. शेळ्या बेचाळीस. होळी झाली की गावचा ओढा आटतो, आणि मग पाऊस पडेपर्यंत या बेचाळीस जीवांना पाणी म्हणजे तो एक झिरा. दुसरं पाणी साडेचार किलोमीटरवर एका विहिरीत आहे आणि विहिरीच्या मालकाचा म्हाळूशी सतरा वर्षांचा अबोला आहे. म्हणजे खरं अंतर बरंच जास्त.

पायवाटेची आखणी करायला कक्षाने परमेश्वर नावाचे सर्वेक्षक पाठवले. माणूस सज्जन, पोट थोडं पुढे, डोक्याला रुमाल. हातात उपग्रहाशी बोलणारं जीपीएस यंत्र. ते यंत्र घेऊन माणूस चालला की तो जिथून गेला त्याची रेघ नकाशावर आपोआप उमटते. चालणं मात्र आपोआप होत नाही, एवढी एकच त्रुटी त्या यंत्रात होती. उन्हाचा पारा त्रेचाळीसवर. परमेश्वरांनी टेकडीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि मग म्हाळूच्या कळपाकडे पाहिलं. शास्त्रीय शोध अशाच क्षणी लागतात.

"मामा, ही पुढची शेळी रोज कुठं जाती?"

"काबरी? झिऱ्याला."

"एकाच वाटेनं?"

"दुसरी वाट कुटं हाय? तिची आज्जी बी ह्याच वाटेनं गेलती."

तीन पिढ्यांचा स्थानिक अनुभव असलेला जाणकार मिळाल्यावर परमेश्वरांनी वेळ घालवला नाही. यंत्र काबरीच्या गळ्यात, घंटीच्या शेजारी बांधलं आणि स्वतः म्हाळूच्या झोपडीच्या सावलीत बसले. साखराबाईंनी कोरा चहा दिला. (दूध त्या वेळी यंत्रासोबत टेकडीवर गेलेलं होतं.)

काबरी निघाली ती सरळ बाभळीपर्यंत गेली. मे महिना, पिकलेल्या शेंगांचा सडा पडलेला. शेळीला बाभळीची शेंग म्हणजे काय, हे ज्याने शेळी पाहिली आहे त्याला सांगायला नको. तिने बुंध्यापासून सुरुवात केली आणि शेंगा वेचत वेचत, बाहेर बाहेर सरकत झाडाभोवती सात फेरे मारले. पोट भरल्यावर सरळ झिऱ्यावर गेली, पाणी प्याली. यंत्राने हे सगळं इमानदारीने टिपलं. फक्त पाच-दहा मीटरची चूक करायची त्याची खोड असल्यामुळे फेरे जरा मोठे दिसले.

अहवालात लिहिलं गेलं: 'सर्वेक्षकाने प्रत्यक्ष पायी फिरून, भूरचना व नैसर्गिक ओढ विचारात घेऊन मार्ग निश्चित केला आहे.' यातली नैसर्गिक ओढ शंभर टक्के खरी होती. सरकारी अहवालाच्या एका वाक्यात एवढं सत्य क्वचित सापडतं.

नकाशा कक्षात चार टेबलांवरून गेला. पहिल्या टेबलाला तो भोवरा जलसंधारणाचा काही प्रकार वाटला. दुसऱ्याला तिथे देवस्थान असावं असं वाटलं, आणि देवस्थानाच्या भानगडीत पडायचं त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना काही कारण नव्हतं. तिसऱ्या टेबलाला तो चहाच्या कपाचा डाग वाटला. चौथ्या टेबलाने नकाशा पाहिलाच नाही, कारण खाली तीन सह्या होत्या.

मग कंत्राटदार आला. त्याने नकाशाप्रमाणे काम केलं, आणि कंत्राटदाराने नकाशाप्रमाणे काम केल्याची आमच्या भागातली ही बहुधा पहिलीच नोंद असावी. फाटकाच्या आत 'प्रारंभ' असं कोरलेला दगड. तिथून चार फूट रुंद सिमेंटचे लालपिवळे ब्लॉक बाभळीच्या बुंध्यापर्यंत. बुंध्यापासून बाहेर बाहेर जाणाऱ्या सात फेऱ्या. सातवी संपली की साठ मीटरवर झिरा. ब्लॉक बसवणारा गवंडी हरिबा याने दुसऱ्या फेरीत एकदाच विचारलं होतं, "मालक, ह्यो भोवरा कावून?"

"अबे, तुला ब्लॉक बसवायचेत का डॉक्टरेट करायचीय?" मालक म्हणाला.

हरिबाने ब्लॉक बसवले.

निसर्ग पायवाटेवर निसर्गाची माहिती देणारे सात फलक लावावेत असा आदेश होता. पायवाटेवर झाड एकच. पण कक्ष अडून राहिला नाही. प्रत्येक फेरीला एक याप्रमाणे पहिल्या फेरीला 'बाभळीचे पान', दुसरीला 'फूल', मग 'शेंग', 'काटा', 'साल', 'डिंक' आणि शेवटी 'बाभळीची सावली' असे फलक लागले. दिवाळीत उद्घाटन झालं तेव्हा प्रमुख पाहुण्यांचा फेटा एका काट्यात अडकून झाडावर राहिला. सुरक्षिततेच्या दृष्टीने खालच्या फांद्या तोडण्यात आल्या. खालच्या तोडल्यावर वरच्या विचित्र दिसू लागल्या, म्हणून समतोल साधण्यासाठी त्याही तोडल्या. आता सहा फुटांचा बुंधा आहे आणि त्याच्याभोवती, जे तोडलं त्याची सचित्र माहिती आहे. 'बाभळीची सावली' हा फलक भर उन्हात उभा असतो. त्याची स्वतःची दोन हात सावली पडते. पर्यटक तिच्यात आळीपाळीने थांबतात.

उद्घाटनापासून या अक्षय्य तृतीयेपर्यंत दोन हजार तीनशे सोळा पर्यटक येऊन गेले. (जीप चुकल्यामुळे आलेले यात धरलेले नाहीत.) यांतल्या किती जणांनी फेऱ्या टाळून सरळ झिरा गाठला? शून्य. माणसाला समोर साठ मीटरवर पाणी दिसत असतं, घशाला कोरड असते, पण पायाखाली ब्लॉक असला की तो ब्लॉक जिकडे जाईल तिकडे जातो. सात का, असं विचारलं तर प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. नवविवाहित जोडप्यांना सातचं कारण विचारावंच लागत नाही. संगीत शिकवणाऱ्या एका बाईंनी सात सूर सांगितले. एका प्राध्यापकांनी इंद्रधनुष्य. नांदूरघाटच्या एका किराणा दुकानदाराने आठवड्याचे वार सांगितले आणि सोमवारी दुकान बंद असतं म्हणून एक फेरी डोळे मिटून मारली.

फक्त एका माणसाने प्रश्न विचारला. कचरू गुरुजी. टेकुळवाडीच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, पुरावा असल्याशिवाय कशालाच मान न हलवणारे. गावात कुणी नवस बोलला की गुरुजी त्याला आधी आकडेवारी मागतात. त्यांनी माहितीच्या अधिकारात रीतसर अर्ज केला: 'बाभळीभोवती सात फेऱ्या मारण्याचे शास्त्रीय कारण काय?' उत्तर यायला तीस दिवस लागतात. तोवर प्रत्यक्ष अनुभव असावा म्हणून गुरुजी रोज सात फेऱ्या मारू लागले. तिसाव्या दिवशी उत्तर आलं: 'तांत्रिक कारणास्तव.' त्याच दिवशी रक्ताचा अहवालही आला. साखर बावीसने कमी. गुरुजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि पुन्हा अर्ज केला नाही. फेऱ्या चालू ठेवल्या.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग होळी झाली आणि ओढा आटला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला काबरी घंटी वाजवत पुढे, मागे एकेचाळीस, आणि सगळ्यांच्या मागे काठी खांद्यावर आडवी टाकलेला म्हाळू, असे फाटकापाशी आले. फाटकावर वनरक्षक पौर्णिमाताई होत्या. परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या, धर्मापुरीच्या, आणि कायद्याचं कलम वाचताना शेवटपर्यंत वाचणाऱ्या. ही सवय नोकरीत तशी अडचणीची आहे. फाटकाजवळच्या फलकावर नियम होते. नियम चार: 'पायवाटेवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने पायवाट पूर्ण करावी, मध्येच सोडू नये.' नियम पाच: 'पाळीव प्राण्यांनी पायवाटेवर पाऊल ठेवण्यास सक्त मनाई.'

"काका, आता आत नाही नेता येणार."

"कावून?"

"निसर्ग पायवाट झालीय."

"मंग माझ्या शेळ्या काय कारखान्यातून आल्यात का?"

पौर्णिमाताईंनी हा प्रश्न जसाच्या तसा डायरीत लिहून 'स्थानिकांचे मत' या मथळ्याखाली वर पाठवला. वरून उत्तर आलं: 'मत नोंदविण्यात आले आहे.'

म्हाळूने सायकलला दोन घागरी बांधल्या आणि गावात घरोघरी मागून पिण्याचं पाणी आणायला सुरुवात केली. (झिऱ्याचं पाणी भांड्यात भरून बाहेर न्यायला नियम सहाची मनाई होती.) दोन घागरी, बेचाळीस शेळ्या, शिवाय करडं. हिशेब बोटांवर होण्यासारखा होता, त्यामुळे तो कुणी केला नाही. पहिल्या आठवड्यात दोन करडं बसली ती उठली नाहीत. (हा आकडा कक्षाच्या मासिक अहवालात सापडणार नाही. करडं पर्यटक नव्हती.)

दुसरं करडू गेलं त्या संध्याकाळी साखराबाई कचरू गुरुजींच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"गुर्जी, तुमी रोज तितं गरगर फिरता. कशापायी फिरता?"

"तब्येतीसाठी, साखराबाई."

"ती वाट माझ्या काबरीनं घातल्याली हाय. सर्वेवाला आमच्या दारात बसून च्या पेत हुता आन त्याचं डबडं शेळीच्या गळ्यात हुतं. ती शेंगा खात फिरली. तिच्या मागं आता सारा जिल्हा फिराय लागलाय, आन तिलाच पानी न्हाई!"

गुरुजींनी चष्मा काढला. चार महिने आपण एका शेळीच्या जेवणाची नक्कल करत होतो, हे पचवायला शिक्षकाला थोडा अवधी लागतो. मग त्यांनी चष्मा पुसला, कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. मागणी एकच: शेळ्यांना झिऱ्यापर्यंत जाऊ द्यावं. आधार दोन. एक, वाट शेळ्यांची पूर्वापार वहिवाटीची आहे. दोन, सध्याची मंजूर पायवाटसुद्धा काबरी नावाच्या शेळीनेच आखलेली आहे.

पहिला मुद्दा नेहमीचा होता, तो नेहमीप्रमाणे बाजूला ठेवण्यात आला. दुसऱ्या मुद्द्याने कक्षात खळबळ उडाली. अहवालात 'सर्वेक्षकाने प्रत्यक्ष पायी फिरून' असं होतं. म्हणजे एक तर अहवाल खोटा, नाही तर शेळी खोटी. कक्षप्रमुख राधाकिशन साहेबांनी दोन सदस्यांची समिती नेमून स्वतः तिचं अध्यक्षपद घेतलं आणि स्थळपाहणीची तारीख दिली. निष्पक्षपातीपणाबद्दल साहेबांचा लौकिक मोठा. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्याशिवाय ते आधी ठरवलेला निर्णय कधीच जाहीर करत नाहीत.

पाहणीच्या दिवशी एप्रिलचं ऊन, दुपारचे साडेबारा. समितीसाठी 'बाभळीची सावली' या फलकाखाली तीन खुर्च्या. सावली दीड खुर्चीची होती, ती ज्येष्ठतेनुसार वाटण्यात आली. एका बाजूला म्हाळू, साखराबाई, काबरी आणि गुरुजी. दुसऱ्या बाजूला परमेश्वर. त्यांचं पोट दोन वर्षांत आणखी थोडं पुढे आलेलं. पंचनामा लिहायला पौर्णिमाताई.

"परमेश्वर," साहेब म्हणाले, "ही वाट तुम्ही स्वतः चालून आखली?"

परमेश्वरांनी एकदा काबरीकडे पाहिलं. काबरीनेही पाहिलं, तिने त्यांना ओळखलं असावं.

"हो साहेब. स्वतः."

"आवो पाव्हनं!" साखराबाई म्हणाल्या. "दोन कप कोरा च्या पेलेलं इसरलात व्हय?"

"चहाचा मुद्दा समितीच्या कार्यकक्षेत येत नाही," साहेब म्हणाले.

"न्हाई तर न्हाई. मंग एवडं तरी इचारा सायेब, ह्ये सोता चालले आसतील, तर त्या झाडाखाली सात येळा फिरून ह्ये काय खाऊ लागलते?"

दोन्ही सदस्यांनी वह्यांत मान घातली. एकाचे खांदे हलत होते. साहेबांनी गंभीरपणे घड्याळ पाहिलं आणि निर्णय दिला: वाद तोंडी मिटणारा नसल्याने दोन्ही दावेदारांनी प्रात्यक्षिक द्यावं. नकाशाबरहुकूम जो चालेल तो मूळ आखणारा.

आधी परमेश्वर. त्यांनी रुमाल ओला करून डोक्याला बांधला आणि प्रारंभाच्या दगडापासून निघाले. बुंध्याशी पोचले. पहिली फेरी रुबाबात झाली. दुसरीत त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. चौथ्या फेरीत ते 'काटा' या फलकाला धरून थोडा वेळ उभे राहिले. पाचवीत म्हाळूच कळवळला. "सायेब, बसा वाईच. आमी काय म्हनत न्हाई, तुमीच आखली म्हना," असं तो म्हणालासुद्धा. पण हे विधान पंचनाम्यात घेता आलं नाही, कारण ते सहानुभूतीपोटी केलेलं होतं. परमेश्वरांनी सातही फेऱ्या पुऱ्या केल्या, झिऱ्यावर गेले, तिथेच बसले आणि ओंजळीने पाणी प्यायले. ज्या वाटेने दोन वर्षांपूर्वी शेळी गेली म्हणून ते गेले नव्हते, त्या वाटेने आज ते शेळी गेलीच नव्हती हे सिद्ध करायला गेले. सरकारी काम उशिरा होतं. होतच नाही असं नाही.

मग काबरी.

म्हाळूने तिला प्रारंभाच्या दगडाशी आणून सोडलं. तिने पुढचा खूर उन्हात तापलेल्या ब्लॉकजवळ नेला, हुंगलं आणि मागे घेतला. एप्रिलमध्ये भर दुपारी सिमेंटवर पाय ठेवायला ती काही पर्यटक नव्हती. ती दगडाला वळसा घालून ब्लॉकच्या कडेकडेने मातीतून निघाली. सगळ्यात बाहेरची फेरी आडवी आली, तिने उडी मारली. पुढची आली, उडी मारली. बाभळीच्या अलीकडे सात उड्या. बुंध्याशी क्षणभर थांबली, वर बघितलं. फांदी नाही, शेंग नाही. पलीकडे पुन्हा सात उड्या, आणि मग घंटी वाजवत झिऱ्यावर, परमेश्वरांच्या शेजारी. दोघांनी एकत्र पाणी प्यायलं. वेळ: तीन मिनिटं. परमेश्वरांना बावीस लागली होती.

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा! सदर शेळीने एकही फेरी मारलेली नाही."

"शेंगाच न्हाईत तर काय फिरंल ती?" साखराबाई म्हणाल्या. "झाड तोडलंय तुमी! दोन पसा शेंगा आनून टाका, मंग बगा कशी फिरती."

"प्रलोभन दाखवून घेतलेली साक्ष ग्राह्य धरता येत नाही."

निष्कर्ष तिथेच सांगण्यात आले. मंजूर मार्गाची शेळीला ओळख नाही, सबब ती मूळ आखणारी नाही. सर्वेक्षकांनी मार्ग बिनचूक चालून दाखवला, सबब ते आहेत. अर्ज फेटाळण्यात येत आहे, नियम चार व पाच कायम राहतील. साखराबाईंनी तोंडाला पदर लावला. म्हाळूने झिऱ्यावर जाऊन काबरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पोटभर पिऊ दिलं. पुन्हा कधी मिळेल कुणास ठाऊक, असा तो हात होता.

पौर्णिमाताईंनी पंचनामा वाचून दाखवला. साहेबांचं लक्ष जीपकडे होतं, कारण जीपमध्ये जेवणाचे डबे होते. त्यातलं शेवटचं वाक्य असं: 'सदर शेळी फाटकापासून झिऱ्यापर्यंत गेली असता, संपूर्ण अंतरात तिने पायवाटेवर एकही पाऊल ठेवले नाही, हे समितीने समक्ष पाहिले.'

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "हे ठळक अक्षरांत लिहा." आणि तिघांनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी म्हाळू सायकलवर घागरी बांधून फाटकासमोरून चालला होता. पौर्णिमाताईंनी हाक मारली.

"काका, घागरी कुठं नेताय?"

"पान्याला. दुसरं काय करनार, ताई?"

"शेळ्या आणा."

"आन तुमचा नियम?"

ताईंनी फलकावरचा नियम पाच वाचला, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. पाळीव प्राण्यांनी पायवाटेवर पाऊल ठेवण्यास सक्त मनाई. मग फाईल उघडून तीन सह्यांचा पंचनामा वाचला. पायवाटेवर एकही पाऊल ठेवले नाही.

"जे पाऊल पायवाटेवर पडतच नाही, त्याला मनाई कशी करणार? समितीनं समक्ष पाहिलंय. मी समितीच्या वर नाही, काका."

म्हाळूला सगळं कळलं असं नाही. पण फाटक उघडं आहे एवढं कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं. त्या दिवसापासून बेचाळीस शेळ्या रोज फाटकातून आत जातात, मातीतून चालतात, चौदा उड्या मारतात आणि पाणी पितात. राहिलेली करडं उड्या मारायला आईकडून शिकतात. कक्षाच्या ताज्या अहवालात लिहिलं आहे: 'पायवाटेवर पाळीव प्राण्यांचा वावर: निरंक.' परमेश्वरांना उत्कृष्ट आखणीबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं आणि आणखी तीन टेकड्यांचं काम. तिन्ही टेकड्यांवर शेळ्या आहेत का, याची त्यांनी आधी चौकशी केली म्हणतात.

गुरुजी अजून सात फेऱ्या मारतात. "आता तर सगळं माहीत झालं, मग कशाला?" असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कारण चुकीचं होतं, साखर खरी आहे."

हे सगळं ठाऊक असल्यामुळे मी मागच्या महिन्यात तिथे गेलो तेव्हा मनाशी पक्कं ठरवलं होतं, की आपण सरळ झिऱ्याकडे जायचं. नोंदवहीत सही केली. बुंध्यापर्यंत पोचलो. 'पान' हा फलक समोरच होता, वाचला. पहिला वाचून दुसरा न वाचणं बरं दिसेना. तिसऱ्या फेरीला मागून एक कुटुंब येत होतं. त्यांच्यादेखत मध्येच वाट सोडणं, या वयात, कसं दिसलं असतं? चौथ्या फेरीत घाम डोळ्यांत उतरला. तेवढ्यात काबरी माझ्या पुढ्यातून उडी मारून गेली. झिऱ्याशी म्हाळू बसला होता. त्याने हात केला.

"आवो दादा, हिकडून या की नीट! पानी हितंच हाय!"

"आता तीनच राहिल्यात," मी म्हणालो.

म्हाळू साखराबाईंना काहीतरी बोलला. त्या बराच वेळ हसत होत्या. काय बोलला ते मला सांगितलं नाही.

तुम्हीही हसला असाल, हसा. पौर्णिमाताईंनी नोंदवहीत अलीकडे एक नवा रकाना आखला आहे: 'पायवाटेची खरी हकीगत येण्यापूर्वी माहीत होती काय?' त्यात 'होय' लिहिणारे आजवर एकशे अठरा जण आहेत. (एकशे अठरावा मी.) त्यांपैकी सातही फेऱ्या मारणारे एकशे अठरा. तिघांनी आठ मारल्या, मोजताना चुकलं असेल या शंकेने.

आता तुम्हालाही हकीगत माहीत झाली आहे. एकशे एकोणिसावी ओळ रिकामी आहे. याल तेव्हा पाण्याची बाटली मात्र सोबत आणा. झिऱ्याला पाणी असतं, पण तुम्ही तिथे पोचेपर्यंत बेचाळीस जणी पिऊन गेलेल्या असतात.